नाथांच्या घरची क्षमा

आज फाल्गुन वद्य षष्ठी, म्हणजेच नाथषष्ठी. गोदातीरी पैठण क्षेत्री आज दिंड्या-पताकांची दाटी, टाळमृदंगांचा घोष आणि श्रीएकनाथ महाराजांच्या समाधिदर्शनासाठी लागलेली भाविकांची रीघ असेल. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील आपल्या जयसिंगपुराहून पैठण दूर आहे. परंतु नाथ आपल्याला दूरचे नाहीत. राजर्षी शाहू छत्रपतींनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविलेल्या या पेठेतून दर गुरुवारी आणि पौर्णिमेला जी मंडळी नृसिंहवाडीची वाट धरतात, त्यांच्या घरोघरी दत्तप्रभूंची जी आरती म्हटली जाते ती नाथांचीच रचना आहे. तिच्या शेवटच्या कडव्यात ज्या जनार्दनाचे नाव येते, तो जनार्दन म्हणजे नाथांचे सद्गुरू. गुरूच्या नावाशिवाय स्वतःचे नाव उच्चारावयाचे नाही, हा नाथांचा आयुष्यभराचा नेम होता.

महाराष्ट्राने नाथांना शांतिब्रह्म ही पदवी दिली. ज्ञानी पुष्कळ झाले, भक्त त्याहून अधिक झाले. पण ज्याला कोणी संतापलेला पाहिला नाही असा पुरुष म्हणून चार शतके लोकांनी आठवण ठेवली ती नाथांची. आपल्या प्रत्येक पूजेचा शेवट क्षमायाचनेने होतो. आवाहनात काही चुकले असेल, मंत्रात काही उणे राहिले असेल, तर देवाने ते पोटात घालावे, अशी आपण प्रार्थना करतो. पाटावरून उठताच मात्र जावेने चार वर्षांपूर्वी लग्नात काय ऐकवले, भावाने वाटणीच्या वेळी कोणता बांध कोरला, याचा हिशोब पुन्हा मनात सुरू होतो. आपल्या गावातील जैन बांधवांच्या घरी दशलक्षण पर्वाचा आरंभ उत्तम क्षमेच्या दिवसाने होतो आणि पर्व संपल्यावर लहानथोर सर्वजण एकमेकांची क्षमा मागतात. ही शेजारची रीत आपण दर भाद्रपदात पाहतोच. नाथांनी हेच व्रत वर्षाचे बाराही महिने आणि तेही प्रपंचात राहून चालविले. अरण्यात जाऊन शांत राहणे त्या मानाने सोपे. तेथे रागवावयास माणूसच नसते.

नाथांचे चरित्र आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः राहुरीजवळच्या ताहराबादचे संतचरित्रकार महिपती यांच्या ग्रंथांतून. महिपती अठराव्या शतकातले; म्हणजे नाथांनंतर दीड शतकाहून अधिक काळ लोटला होता. तेवढ्या काळात मुखामुखातून फिरलेल्या कथांना चमत्कारांचे अलंकार चढणे स्वाभाविक होते. श्रद्धाळूने ते तसेच घ्यावेत, चिकित्सकाने बाजूला ठेवावेत. अलंकार उतरविल्यावरही जो माणूस उरतो, तो थोडाथोडका नाही.

नाथांचा जन्म इ. स. १५३३ च्या सुमारास पैठण येथे झाला. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती पंढरीस परत आणल्याचे श्रेय परंपरा ज्यांना देते, ते भानुदास महाराज हे त्यांचे पणजोबा. पिता सूर्यनारायण व माता रुक्मिणी ही दोघेही नाथ अगदी लहान असतानाच निवर्तली आणि आजोबा चक्रपाणी व आजी सरस्वती यांनी या पोरक्या नातवाला वाढविले. पुत्र गेलेला, सून गेलेली, आणि त्या वृद्ध दांपत्याचा सगळा जीव या एका लेकरात गुंतलेला. अशा स्थितीत बारा वर्षांचा एकनाथ एके दिवशी कोणाला न सांगता घरातून निघून गेला. शिवालयात बसला असता देवगडास जाऊन जनार्दनपंतांना शरण जाण्याची प्रेरणा त्याला झाली, असे चरित्रकार सांगतात. गुरुशोधाचा तो ओढा थोर खरा. परंतु मागे राहिलेल्या त्या दोन वृद्धांनी तो काळ कसा काढला असेल, याचा विचार चरित्र वाचणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

देवगड म्हणजे देवगिरी, आजचे दौलताबाद. तेथील किल्ल्याचा कारभार जनार्दनस्वामींकडे होता. चाळीसगावच्या देशपांडे घराण्यातील हे गृहस्थ निजामशाहीच्या सेवेत होते आणि वृत्तीने परम दत्तभक्त होते. राज्यकारभार सांभाळून अध्यात्म साधता येते, याचा पहिला पाठ नाथांना ग्रंथातून मिळाला नाही, तो गुरूच्या दिनक्रमातून मिळाला. स्वामींनी या मुलाला प्रथम मंत्र दिला नाही. त्याच्याकडे हिशोब दिला.

हिशोबाची ती कथा कीर्तनातून आपण अनेकदा ऐकली असेल. पण ज्या पेठेत पहाटेपासून रात्रीपर्यंत जमाखर्चाच्या वह्या उघड्या असतात, तिथल्या वाचकांना ती अधिक जवळची वाटावी. एके दिवशी जमाखर्चाचा मेळ बसेना; एका पैची चूक येत होती. नाथ दिवा लावून बसले. रात्रीचे प्रहर उलटत गेले, तेल सरत आले, आणि उत्तररात्री ती पै सापडली. आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजविली. त्या आवाजाने स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्याने एवढा हर्ष होतो, तर जन्मोजन्मीच्या हिशोबातील मोठी चूक सापडली तर केवढा होईल, हे त्यांनी शिष्याच्या ध्यानी आणून दिले. पुढे नाथांनी लोकांच्या अपराधांची वही कधीच ठेवली नाही. पण स्वतःच्या मनातील पै-पैची चूक ते अखेरपर्यंत शोधत राहिले. आपण बहुधा याच्या उलट करतो. दुसऱ्याकडची येणे बाकी आपल्याला व्याजासकट पाठ असते आणि स्वतःच्या देण्याची पाने आपण चिकटवून ठेवतो.

याच काळातील आणखी एक प्रसंग आहे. तो कमी सांगितला जातो, पण क्षमेच्या विचारात त्याला मोठे मोल आहे. स्वामी समाधीत बसले असताना किल्ल्यावर शत्रूची चाल झाल्याची वार्ता आली. गुरूंची समाधी मोडावयाची नाही आणि गडही जाऊ द्यावयाचा नाही, म्हणून नाथांनी स्वामींचे चिलखत अंगावर चढविले, त्यांचे शस्त्र हाती घेतले, घोड्यावर मांड ठोकली आणि शत्रूला परतवून लावले. स्वामी समाधीतून उठले तेव्हा सर्व शस्त्रे पूर्ववत् जागच्या जागी होती आणि शिष्य सेवेत उभा होता. कथा खरी मानली तर पुढे पैठणच्या रस्त्यावर मान खाली घालून निंदा ऐकणारा पुरुष हा तलवार चालवून आलेला पुरुष होता. दुर्बळाच्या मौनाला लोक क्षमा म्हणत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. हात उचलण्याचे सामर्थ्य असताना ज्याचा हात उठत नाही, त्याच्या शांतीला अर्थ असतो.

पुढे गुरूंच्या आज्ञेने नाथ तीर्थयात्रेस गेले. इकडे चक्रपाणींना नातवाचा माग देवगडापर्यंत लागला होता. स्वामींनी त्या वृद्धाचे दुःख जाणून एक पत्र लिहून दिले. एकनाथ ज्या ठिकाणी हे पत्र वाचील त्याच ठिकाणी त्याने थांबावे आणि गृहस्थाश्रम स्वीकारावा, अशी त्यात आज्ञा होती. यात्रा करीत नाथ पैठणच्या परिसरात आले. आपली ओळख मात्र त्यांनी घरी दिली नव्हती. आजोबांनी त्यांना गाठले आणि पत्र हातात ठेवले. नाथांनी ते वाचले आणि ते जागचे हलले नाहीत. तिथेच त्यांच्यासाठी निवारा उभारला गेला. इतकी वर्षे वाट पाहायला लावणाऱ्या नातवाला आजी-आजोबांनी एका शब्दाने दोष दिल्याचे चरित्रकारांनी लिहिलेले नाही. जगाला क्षमा करणाऱ्या या महात्म्याच्या पदरी पहिली क्षमा पडली, ती अशी घरातल्या दोन जीर्ण जिवांकडून. चक्रपाणी आणि सरस्वतीबाई यांची नावे आपण नाथषष्ठीला फारशी घेत नाही, घ्यावयास हवीत.

त्यानंतर गिरिजाबाईंशी नाथांचा विवाह झाला. या साध्वीविषयी चरित्रग्रंथांत वर्णने थोडी आहेत. परंतु नाथांच्या घरची क्षमा ही एकट्या नाथांची नव्हती, हे एका कथेवरून कळते.

एका गरीब ब्राह्मणाला मुलाच्या मुंजीसाठी दोनशे रुपये हवे होते. गावातल्या टवाळांनी त्याच्याशी पैज लावली, की एकनाथाला राग आणून दाखविल्यास ही रक्कम त्याला मिळेल. ब्राह्मण नाथांच्या घरी गेला तो पायांतील जोड्यांसह थेट देवघरात शिरला आणि पूजेस बसलेल्या नाथांच्या मांडीवरच जाऊन बसला. एवढ्या ओढीने भेटणारा माणूस आजवर भेटला नव्हता, अशा भावाने नाथांनी त्याचे स्वागत केले आणि त्याला जेवावयास ठेवून घेतले. पंगत बसली. गिरिजाबाई तूप वाढण्यासाठी वाकल्या तोच हा गृहस्थ त्यांच्या पाठीवर चढून बसला. घरातील स्त्रीचा असा अपमान झाला की शांत म्हणविणाराही खवळून उठतो. ब्राह्मणाचा हाच अखेरचा पासा होता. नाथांनी पत्नीला एवढेच सुचविले, की अतिथी पडणार नाही असे सांभाळावे. त्यावर गिरिजाबाईंनी उत्तर दिले, की काम करताना लहानग्या हरीला पाठीवर घेण्याची त्यांना सवय आहे, तेव्हा हे दुसरे लेकरूही त्या पडू देणार नाहीत. ब्राह्मण खाली उतरला आणि रडू लागला. पैजेची हकीकत कळली तेव्हा नाथांना वाईट वाटले ते निराळ्याच कारणाने. त्याने आधी सांगितले असते तर रागाचे सोंग करून त्याची नड भागविता आली असती, असे त्यांना वाटले.

या कथेत आपण नाथांचेच कौतुक करतो. परंतु पाठीवर ओझे पडले होते ते गिरिजाबाईंच्या. पतीने शांत राहावे आणि त्या शांतीचा भार पत्नीने वाहावा, असे अनेक घरांतून घडत आले आहे. गिरिजाबाईंचे मोठेपण असे, की त्यांनी तो भार पतीच्या आज्ञेखातर वाहिला नाही. त्यांना त्या उद्धट माणसात खरोखरच मूल दिसले. कोणाचे अविचारी वागणे सहन करताना त्याच्या ठिकाणी पोर पाहता येणे, ही क्षमेची पहिली युक्ती आहे आणि ती बायकांना बहुधा पुरुषांआधी साधते.

आता सर्वांत प्रसिद्ध प्रसंगाकडे वळू. नाथ नित्यनेमाने गोदावरीवर स्नानास जात. वाटेवर एक उन्मत्त मनुष्य राहत असे. महिपती त्याला यवन म्हणतात. स्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर तो चूळ टाकी, थुंकी. नाथ निमूटपणे मागे वळत आणि पुन्हा स्नान करीत. एके दिवशी तर त्याने हट्टच धरला. नाथ स्नान करून आले की तो थुंके, नाथ पुन्हा नदीवर जात. ते परत आले की तो पुन्हा थुंके. असे एकशेआठ वेळा झाले. अखेर थुंकणाराच थकला आणि त्याने पाय धरले. नाथांनी त्याचे आभारच मानले, की त्याच्यामुळे एका दिवसात गोदामाईची एकशेआठ स्नाने घडली.

कृष्णेच्या घाटावर पहाटे स्नान करणाऱ्या आपल्या वाचकांना एका स्नानाने अंग कसे काकडते हे ठाऊक आहे. आकडा एकशेआठ होता की आठ, याचा वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्हाआम्हांपैकी बहुतेकांचा हात दुसऱ्याच वेळी उठला असता. परंतु परंपरेने हाच आकडा का निवडला असावा, याचा विचार करण्यासारखा आहे. जपमाळेचे मणी एकशेआठ असतात. थुंकणाऱ्याने प्रत्येक वेळी अपमान केला, आणि नाथांनी प्रत्येक वेळी एक मणी ओढला. क्षमा ही एकदा करून संपणारी गोष्ट नाही, नामाप्रमाणे ती पुनःपुन्हा घ्यावी लागते, हे कथाकाराने आकड्यातूनच सुचविले आहे. एखाद्याला आपण आज मनापासून क्षमा करतो. उद्या तो समोर आला की तीच जखम पुन्हा भळभळते. तेव्हा आपली कालची क्षमा खोटी होती असे समजण्याचे कारण नाही. नाथांनाही प्रत्येक वेळी नव्याने नदीची वाट चालावी लागली.

थुंकणाऱ्याच्या धर्मावर बोट ठेवून काही लोक या कथेतून वेगळेच तात्पर्य काढतात. ते नाथांना रुचले नसते. हिंदू आणि तुर्क यांचा संवाद या नावाची त्यांची एक रचना आहे. तीत दोघे परस्परांच्या धर्मातील व्यंगे काढून कडाक्याने भांडतात आणि शेवटी समजूत पटून एकमेकांना आलिंगन देतात. शिवाय नाथांना खरा जाच झाला तो परक्यांकडून कमी आणि स्वकीयांकडून अधिक. श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाचा सुवास आल्याने अंगणाबाहेर थांबलेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्या कुटुंबाला नाथांनी ते अन्न वाढले. ब्राह्मणांसाठी पुन्हा नवा स्वयंपाक झाला, तरीही पैठणच्या ब्रह्मवृंदाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे अंत्यजाचे मूल त्यांनी कडेवर घेतले, त्याचेही लोकांना वावडे झाले. प्रायश्चित्त घ्यावे असे ठरले तेव्हा नाथ विनातक्रार नदीवर गेले. परंतु पुढच्या वेळी कोणी भुकेला दारात आला तेव्हा त्यांनी पुन्हा तसेच केले.

येथे नाथांच्या क्षमेचे रहस्य आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. माणसावर राग धरावयाचा नाही, पण जे योग्य वाटते ते सोडावयाचेही नाही. आपल्याला या दोहोंपैकी एकच जमते. आपण तत्त्वासाठी भांडतो आणि माणसे तोडतो. नाहीतर माणसे जपण्यासाठी तत्त्वाला पाणी सोडतो. नाथांनी बहिष्कार घालणाऱ्यांच्या विरुद्ध फळी उभारली नाही, आणि त्यांचे म्हणणे मान्यही केले नाही.

हाच बाणा काशीत दिसला. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी प्राकृतात टीका आरंभिली. पहिले पाच अध्याय पैठणास लिहून झाले आणि त्यांची वार्ता काशीस पोहोचली. देवभाषेतील भागवत बोलभाषेत आणणे हा तेथील पंडितांना अधर्म वाटला. नाथ काशीस गेले, तेथील रोष त्यांनी सोसला आणि उरलेला ग्रंथ त्याच नगरीत पूर्ण केला. शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस ग्रंथ सिद्धीस गेला. ज्यांनी विरोध केला त्यांनीच पुढे ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी परंपरा आहे.

एकतीस अध्यायांच्या या ग्रंथातील तेविसावा अध्याय नाथषष्ठीच्या निमित्ताने प्रत्येक घरी वाचला जावा. त्यात भिक्षुगीता आहे. अवंतीचा एक ब्राह्मण अत्यंत कृपण आणि कोपिष्ट होता. त्याचे धन गेले, आप्तांनी टाकले, आणि त्याने संन्यास घेतला. आता तो भिक्षा मागू लागला तेव्हा लोकांनी जुने उट्टे काढले. कोणी त्याचा दंड हिसकावला, कोणी पात्र पळविले, कोणी त्याचे अन्न विटाळले, कोणी मस्तकावर थुंकले. या सर्व छळात तो भिक्षू शांतपणे विचार करतो, की आपल्या दुःखाचे कारण कोण? लोक नव्हेत, देवता नव्हेत, ग्रह नव्हेत, कर्म नव्हे, काळ नव्हे. सुखदुःखाचे चक्र फिरविते ते मन. आपलेच दात आपल्याच जिभेला चावले तर माणूस रागवणार कोणावर, असा दृष्टान्त त्यात येतो. दात पाडून कोणी जिभेचा सूड घेत नाही. मूळ संस्कृत श्लोकांतील हा विचार नाथांनी मराठी ओवीत विस्ताराने उलगडला. मस्तकावर थुंकले गेलेल्या भिक्षूची कथा मराठीत आणणारा पुरुष आणि गोदाकाठच्या वाटेवर थुंकी पुसणारा पुरुष एकच होता. ओवी आधी लिहिली की प्रसंग आधी घडला, हे कोणी सांगू शकत नाही.

परंतु नाथांच्या क्षमेची सर्वांत कठीण परीक्षा रस्त्यावर झाली नाही, काशीत झाली नाही. ती घरात झाली, आणि परीक्षक होता पोटचा मुलगा.

हरिपंडित हा नाथांचा पुत्र मोठा विद्वान निघाला. संस्कृत शास्त्रांत पारंगत, आचारात काटेकोर. वडिलांनी चौकात प्राकृत पुराण सांगावे, भारुडात भुत्या, जोशी, वासुदेव यांची सोंगे आणावीत, कोणाच्याही घरचे अन्न सेवन करावे, हे त्याला लाजिरवाणे वाटे. बाहेरच्या निंदकाचे शब्द अंगणात राहतात. घरच्या माणसाचे मौनही ताटात पडते. मतभेद वाढत गेले आणि हरिपंडित घर सोडून काशीस निघून गेला.

या ठिकाणी बाप दोनपैकी एक करतो. एक तर तोही हट्टास पेटतो, मुलगा मेला असे समजून वर्षानुवर्षे त्याचे नाव घेत नाही. किंवा आईकरवी निरोप धाडून वाट पाहत बसतो. नाथ स्वतः काशीस गेले. ज्या नगरीतील पंडितांसमोर त्यांनी प्राकृताची बाजू सोडली नव्हती, त्याच नगरीत ते मुलाची समजूत घालण्यास उभे राहिले. हरिपंडिताने अटी घातल्या. यापुढे प्राकृतात पुराण सांगावयाचे नाही आणि परान्न घ्यावयाचे नाही. नाथांनी दोन्ही अटी मान्य केल्या.

काशीच्या विद्वत्सभेपुढे न वाकलेला हा पुरुष मुलापुढे का वाकला? ही दुर्बलता म्हणावी काय? वाचकांपैकी कित्येकांना ती तशी वाटेल. पण पंडितांशी वाद होता तो ग्रंथाचा. तेथे नमते घेतले असते तर हजारोंच्या मुखातील भागवत हिरावले गेले असते. मुलाशी वाद होता तो तुटलेल्या घराचा. तेथे जिंकून काय हाती आले असते? मुलाला चूक ठरवून घरी आणता येत नाही, हे नाथांनी ओळखले. आधी त्याला घरी आणले. चूक कोणाची, हा प्रश्न त्यांनी काळावर सोपविला. अर्थात त्याची किंमत मोठी होती. पैठणास परत आल्यावर पुराण हरिपंडित सांगू लागला. संस्कृताचा तो प्रवाह सामान्य जनांच्या डोक्यावरून वाहू लागला. हळूहळू श्रोते पांगले आणि पूर्वी जिथे बसावयास जागा मिळत नसे तो वाडा रिकामा दिसू लागला. नाथ ते पाहत राहिले. आपण सांगितले नव्हते काय, असा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. क्षमा केल्यानंतर टोमणा मारण्याचा मोह आवरणे हे क्षमेपेक्षाही अवघड असते. सासुरवाशिणींना आणि थकलेल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

पुढे एक वृद्धा नाथांकडे आली. तिच्या पतीने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता. तो निवर्तला आणि ती निर्धन झाली. एका ब्रह्मनिष्ठाला जेवू घातल्यास सहस्रभोजनाचे फळ मिळते असे तिला कोणी सांगितले होते, म्हणून ती नाथांना बोलावण्यास आली. परान्नाची अट आड येत होती. नाथांनी मुलाचे वचन मोडले नाही आणि वृद्धेलाही विन्मुख धाडले नाही. तिच्या घरी हरिपंडितानेच पाक सिद्ध करावा, असा मार्ग निघाला. भोजन झाल्यावर नाथांनी मुलाला आपली उष्टी पत्रावळ काढण्यास सांगितले. त्याने ती उचलली तर खाली दुसरी. दुसरी उचलली तर तिसरी. अशा सहस्र पत्रावळी निघाल्या. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेत एक विद्वान पुत्र बापाच्या उष्ट्या पत्रावळी पुन्हा पुन्हा वाकून उचलतो आहे, हे चित्र उरतेच. वाकता वाकता त्याचा ताठा गेला. त्याने पित्याचे पाय धरले आणि स्वतःच्या अटी मागे घेतल्या. वाड्यात पुन्हा मराठी पुराण सुरू झाले.

नाथांच्या उत्तरायुष्याचा विस्तार येथे करण्याचे प्रयोजन नाही. १५८४ मध्ये त्यांनी पाठभेदांनी मलिन झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध करून महाराष्ट्रावर अपार उपकार केले. भावार्थ रामायण युद्धकांडापर्यंत आले आणि तेथे त्यांची लेखणी थांबली; उरलेला भाग त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला. त्यांच्या कन्येचा पुत्र मुक्तेश्वर पुढे मराठीचा श्रेष्ठ आख्यानकवी झाला. काम आणि क्रोध यांना विंचवाची उपमा देणारे त्यांचे भारूड आजही गावोगावच्या जत्रांतून हशा पिकवीत असते. क्रोधाचे विष कसे चढते ते इतके नेमके सांगणाऱ्या माणसाला ते विष अपरिचित होते असे मानण्याचे कारण नाही. उतारा त्याला सापडला होता, एवढेच.

इ. स. १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेले दत्तदर्शन, त्यांची व नाथांची पहिली भेट आणि त्यांचे निर्वाण या चारही घटना याच तिथीच्या मानल्या जातात. नाथांच्या समाधीने ती पंचपर्वणी झाली. पैठणास हा उत्सव अष्टमीच्या काल्यापर्यंत चालतो. ज्या नदीकडे नाथ त्या दिवशी एकशेआठ वेळा वळले, तिच्यावर पैठणजवळ आता धरण झाले आहे आणि त्या विस्तीर्ण जलाशयाला नाथसागर हे नाव आहे.

नाथांच्या मागे हरिपंडिताने काय केले, ते परंपरा सांगते. त्याने पित्याच्या पादुका घेतल्या आणि आषाढीस त्या पंढरपूरला नेण्यास आरंभ केला. पैठणची पालखी पुढे मानाच्या पालख्यांत गणली गेली. आजही आषाढात ती मराठवाड्यातून पंढरीच्या वाटेला लागते आणि तिच्यापुढे चालणारे वारकरी नाथांचे प्राकृत अभंग गात असतात.